घराच्या कॅमेऱ्यांसाठी वस्तू ओळखणारे सॉफ्टवेअर निवडताना

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आई-वडील दोघेच राहतात आणि मी पुण्यात असतो. घराच्या चारही बाजूंना कॅमेरे बसवले तेव्हा वाटले होते, की रात्री कोणी आवारात शिरले तर मला लगेच कळेल. पहिल्याच पावसाळ्यात ती आशा फोल ठरली. पावसाच्या सरी, वाऱ्याने हलणाऱ्या माडाच्या झावळ्या, कॅमेऱ्यापाशी जमणारे किडे आणि पडवीत दांडीवर वाळत घातलेले कपडे यांतल्या प्रत्येकासाठी फोन वाजू लागला आणि पंधरा दिवसांत मी ते इशारे उघडून बघणेच सोडून दिले. नंतरचे वर्षभर मी वेगवेगळी सॉफ्टवेअर लावून पाहिली आणि एका निष्कर्षाला आलो: माहितीपत्रकातील अचूकतेच्या दाव्यांवरून निवड करण्यात अर्थ नाही, ती आपल्याच अंगणात, आपल्याच कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणावर पारखून करावी लागते. ते कसे करावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

साधा कॅमेरा हालचाल ओळखतो म्हणजे एवढेच करतो, की आधीच्या चित्रातील आणि आताच्या चित्रातील ठिपके ताडून पाहतो आणि पुरेसे ठिपके बदलले असतील तर इशारा देतो. काय हलले हे त्याला कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सॉफ्टवेअर त्यापुढे जाऊन, लाखो चित्रांवर शिकवलेल्या मॉडेलच्या साहाय्याने, चित्रातील वस्तूभोवती चौकट आखते, तिला ‘माणूस’, ‘मोटार’, ‘कुत्रा’ असे नाव देते आणि त्या नावाबद्दल आपल्याला किती खात्री आहे, हे शून्य ते एकच्या दरम्यानच्या आकड्यात सांगते. चौकट, नाव आणि खात्रीचा आकडा या तीन गोष्टींचा पुढे काय उपयोग करू दिला जातो, यावर एक सॉफ्टवेअर दुसऱ्यापेक्षा उपयुक्त ठरते.

आधी गरज लिहून काढा

कोणतेही नाव शोधण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तीन उत्तरे लिहावीत: येथे काय दिसले तर मला कळायला हवे, कोणत्या वेळेत कळायला हवे, आणि कळल्यावर मी काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचत नसेल, तर त्या कॅमेऱ्याला रेकॉर्डिंग पुरते, इशाऱ्याची गरज नाही. आमच्या बाबतीत फाटकावरच्या कॅमेऱ्याने रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत माणूस दिसला तरच फोन वाजवायचा, असे ठरले, कारण तसे झाल्यास मी शेजारच्या काकांना फोन करू शकतो. मागील दारच्या कॅमेऱ्याने गुरे कुंपणाच्या आत आल्याचे दिवसा कळवायचे, म्हणजे वडिलांना सांगता येते. रस्त्याकडच्या कॅमेऱ्याने मात्र काहीच कळवायचे नाही, कारण तेथून दिवसभर माणसे आणि दुचाक्या जातच असतात. एवढे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की मला चार नव्हे, दोनच कॅमेऱ्यांवर वस्तू-ओळख हवी आहे. त्यामुळे यंत्रावरचा भार आणि खर्च दोन्ही कमी झाले.

मॉडेलला कोणत्या वस्तू माहीत आहेत

या मुद्द्याकडे खरेदी करणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मॉडेलला जे नाव शिकवलेलेच नाही, ते नाव ते कधीही देणार नाही. ते शिकवलेल्या नावांपैकी जवळचे वाटेल ते चिकटवेल किंवा गप्प राहील. घरगुती कॅमेऱ्यांसाठी मिळणारी अनेक खुली मॉडेल ‘कोको’ या चित्रसंचावर शिकवलेली आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या या संचात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. माणूस, सायकल, मोटार, मोटरसायकल, बस आणि ट्रक त्यात आहेत. प्राणी मात्र दहाच आहेत: पक्षी, मांजर, कुत्रा, घोडा, मेंढी, गाय, हत्ती, अस्वल, झेब्रा आणि जिराफ.

ही यादी आपल्या गावाशी ताडून पाहावी. दोडामार्गाच्या भागात कर्नाटकातून हत्ती उतरतात, तेथे या यादीचा खरोखरच उपयोग होऊ शकतो. पण यात बिबट्या नाही. वानर आणि माकड नाही, रानडुक्कर नाही, साप नाही, म्हैस आणि शेळीही नाही. वाहनांमध्ये रिक्षा नाही. त्यामुळे रिक्षा कधी मोटार, कधी ट्रक म्हणून नोंदली जाते, शेळी मेंढी किंवा कुत्रा होते आणि म्हैस बहुधा गायीत जमा होते. एवढ्याने फारसे बिघडत नाही. इशारा देताना ‘गाय, मेंढी, घोडा’ असा गट करून ‘गुरे’ म्हणून वागवता येते आणि मी तेच केले आहे. बिबट्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. जुन्नर, आंबेगाव, नाशिक या भागांतील किंवा कोकणातील ज्या वाचकांना बिबट्याच्या भीतीमुळे कॅमेरा घ्यायचा आहे, त्यांना मी कळकळीने सांगतो, की कोकोवर शिकवलेले सर्वसाधारण मॉडेल बिबट्याला मांजर म्हणेल, कुत्रा म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही, आणि त्याच्या भरवशावर पहाटे अंधारात गोठ्याकडे जाणे धोक्याचे आहे. अशा घरी रात्री ‘कोणताही प्राणी’ दिसला तर इशारा, असा व्यापक नियम ठेवावा, तोही दुय्यम उपाय समजावा आणि बिबट्या दिसल्यास महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

काही सॉफ्टवेअर अधिक विस्तृत यादीची मॉडेल सशुल्क देतात. उदाहरणार्थ, ‘फ्रिगेट’ या मुक्त सॉफ्टवेअरला जोडून मिळणाऱ्या ‘फ्रिगेट प्लस’ सेवेत वर्षाला ५० डॉलर भरून आपल्या कॅमेऱ्यातील चित्रे पाठवता येतात आणि त्यांच्या आधारे सुधारलेले मॉडेल मिळते. तिच्या यादीत खोकी, चेहरा, वाहनाची पाटी असे उपयुक्त प्रकार आहेत. पण रॅकून, हरीण आणि अमेरिकेतल्या कुरिअर कंपन्यांच्या गाड्याही आहेत, यावरून ती मुख्यतः कोणाच्या अंगणासाठी तयार झाली, हे कळते. तरीही स्वतःच्या कॅमेऱ्यातील चुकीची चित्रे दाखवून मॉडेल सुधारण्याची सोय, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये असली तरी, मोठ्या यादीपेक्षा अधिक मोलाची असते. दुकानदाराला वा कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच असा असावा: ओळखता येणाऱ्या वस्तूंची पूर्ण यादी दाखवा. ‘माणूस, वाहन, प्राणी’ या तीन शब्दांवर समाधान मानू नये. ‘प्राणी’ म्हणजे कोणते, हे विचारावे.

ओळख कॅमेऱ्यात, घरातल्या यंत्रात की कंपनीच्या सर्व्हरवर

वस्तू ओळखण्याचे काम या तीन ठिकाणी होऊ शकते आणि तुमची वीज, इंटरनेट आणि खासगीपणाची अपेक्षा यांवर योग्य जागा ठरते.

कॅमेऱ्यातच ओळख होणे सर्वांत सोपे. हिकव्हिजनचे अ‍ॅक्यूसेन्स, दाहुआचे विझसेन्स अशा मालिकांतील कॅमेरे माणूस आणि वाहन यांत फरक करतात. टीपी-लिंकच्या टॅपोसारख्या स्वस्त घरगुती कॅमेऱ्यांतही माणूस ओळखण्याची सोय असते. दोन खोल्यांच्या फ्लॅटला दाराबाहेर एक कॅमेरा हवा असेल, तर बहुतेक वेळा एवढे पुरेसे असते आणि वेगळ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. मात्र घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. माणूस ओळखण्याची सोय मासिक वर्गणीशिवाय चालते का? मेमरी कार्डावरच्या जुन्या चित्रणातून ‘फक्त माणूस दिसलेले प्रसंग’ शोधता येतात का? आणि कॅमेऱ्याने ओळखलेला प्रसंग ओएनव्हीआयएफ या सामाईक पद्धतीने बाहेरच्या रेकॉर्डरलाही कळतो का, की तो त्याच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये अडकून राहतो? तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर उद्या दुसऱ्या कंपनीचा एखादा कॅमेरा जोडताना अडचण येते.

कंपनीच्या सर्व्हरवर ओळख करून घेण्याचा मार्ग शहरात सोयीचा वाटतो, पण त्याचे गणित मांडून बघावे. एका कॅमेऱ्याच्या चित्रणाचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर चार कॅमेऱ्यांना १६ मेगाबिट अपलोड अखंड लागेल. अनेक सेवा त्यामुळे केवळ हालचाल झाल्यावरच लहान तुकडा पाठवतात, म्हणजे हालचाल ओळखण्याचा जुना कच्चा दुवा तसाच राहतो. आमच्याकडे वादळवाऱ्यात फायबर तुटली की दोन-दोन दिवस इंटरनेट नसते आणि नेमके तेव्हाच घरावर लक्ष असावे असे वाटते. खासगीपणाचाही विचार करावा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीवर, कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातील खासगी चित्रण पाहता येत होते, या आरोपावरून कारवाई केली आणि प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या दुसऱ्या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतील लघुचित्रे दिसली, हे त्या कंपनीनेच मान्य केले. घराच्या आतील भाग दिसणारा एकही कॅमेरा म्हणूनच मी बाहेरच्या सर्व्हरला जोडलेला नाही. अंगणाबाबत कोणी वेगळा निर्णय घेतला तर तो समजण्यासारखा आहे. माजघराबाबत मात्र तडजोड करू नये.

तिसरा मार्ग घरातल्याच लहान संगणकावर ओळख करून घेण्याचा. सुरुवातीची मेहनत यात सर्वांत जास्त आहे, पण आधीचे कॅमेरे तसेच ठेवता येतात, इंटरनेट नसतानाही ओळख आणि रेकॉर्डिंग चालू राहते आणि चित्रण घराबाहेर जात नाही. तीन किंवा अधिक कॅमेरे असतील आणि घरात संगणकाची थोडी जाण असलेले कोणी असेल, तर माझी शिफारस याच मार्गाची आहे.

घरातल्या यंत्रावर चालणारी सॉफ्टवेअर

फ्रिगेट हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. ते लिनक्स या संगणकप्रणालीवर, सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या डॉकर या साधनाच्या साहाय्याने चालवतात आणि होम असिस्टंट या घरगुती स्वयंचलन प्रणालीशी त्याचे चांगले जमते. त्याची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. आधी ते चित्रात कोठे हालचाल आहे हे कमी खर्चात शोधते आणि मग केवळ तेवढाच भाग कापून मॉडेलकडे देते. याचा मोठा लाभ असा, की मॉडेलला ३२० गुणिले ३२० ठिपक्यांचे लहान चित्र लागत असले तरी दूरचा माणूस आकसून नाहीसा होत नाही. संपूर्ण दृश्य लहान करून मॉडेलला देणारे सॉफ्टवेअर असेल, तर १,२८० ठिपके रुंद चित्रात ६० ठिपके उंच दिसणारा माणूस चौथ्या हिश्श्याने उरतो, म्हणजे १५ ठिपक्यांचा होतो, आणि तेवढ्यात त्याला ओळखणे कठीण असते. ‘दूरचा माणूस ओळखत नाही’ ही तक्रार पुष्कळदा येथून निघते. फ्रिगेटची अडचण म्हणजे त्याच्या मांडणीचा बराच भाग अजूनही मजकुराच्या फाइलमध्ये लिहून करावा लागतो. एखादी ओळ चुकीच्या अंतरावर सरकली तरी ते सुरू होत नाही.

विंडोजची सवय असलेल्यांसाठी ब्ल्यू आयरिस हा जुना आणि भक्कम सशुल्क पर्याय आहे. त्याला कोडप्रोजेक्ट-एआय हा वेगळा सर्व्हर जोडून वस्तू-ओळख मिळवता येते. सर्व मांडणी खिडक्या आणि बटणांतून होते, पण विंडोजचा संगणक अखंड चालू ठेवावा लागतो. एजंट डीव्हीआर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. घरच्या नेटवर्कमध्ये वापर विनामूल्य आहे, त्यांच्या मार्फत बाहेरून बघायचे असल्यास वर्गणी लागते. सिनॉलॉजीचे साठवणयंत्र आधीच घरी असेल, तर त्याच्या सर्व्हेलन्स स्टेशनमध्ये दोन कॅमेऱ्यांचे परवाने मोफत येतात, पण यंत्रावरच वस्तू-ओळख करण्याची सोय डीव्हीए या खास मालिकेतच आहे, हे घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचा लहान संगणक चार-सहा कॅमेऱ्यांना सहसा पुरतो, कारण कॅमेऱ्याने दाबून पाठवलेले चित्रण उलगडण्याचे आणि, इंटेलचे ओपनव्हिनो हे सॉफ्टवेअर वापरल्यास, वस्तू ओळखण्याचेही काम त्यातील ग्राफिक्सचा भाग उचलतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी २०२४ साली आलेल्या एआय किटमध्ये सेकंदाला १३ लाख कोटी गणिते करणारी हेलो-८एल चिप आहे. गूगलचे कोरल हे अशाच गणितांसाठीचे यूएसबी उपकरण अवघ्या दोनेक वॉटवर चालते आणि वर्षानुवर्षे लोकांनी ते वापरले, पण नव्याने उभारणी करणाऱ्याने आता आधी वरील दोन पर्याय पाहावेत. घरात पडलेला जुना डेस्कटॉप वापरण्याचा मोह होतो. तो सतत ६० वॉट घेत असेल तर महिन्याला ४३ युनिट जळतात. १५ वॉटच्या लहान संगणकाला जेमतेम ११ लागतात, आणि इन्व्हर्टरवर तो चौपट वेळ टिकतो. ज्या गावात वीज वरचेवर जाते तेथे हा शेवटचा मुद्दा किमतीपेक्षा जास्त वजनाचा ठरतो.

कॅमेरा दोन प्रवाह देतो का, हेही तपासावे. ओळखण्यासाठी सेकंदाला पाच चित्रांचा कमी ठिपक्यांचा प्रवाह पुरतो आणि रेकॉर्डिंगसाठी पूर्ण दर्जाचा वापरता येतो. सगळे काम मोठ्याच प्रवाहावर लादले की यंत्र ओळखण्यापेक्षा चित्रण उलगडण्यातच दमते. साठवणुकीचा हिशेबही लगेच करून टाकावा: सेकंदाला ४ मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी व्यापतो, चार कॅमेरे १७३ जीबी, म्हणजे एक टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते. ‘माणूस दिसला तेवढेच महिनाभर ठेवा, बाकीचे दोन दिवसांनी पुसा’ असा नियम लावू देणारे सॉफ्टवेअर घेतले, तर त्याच डिस्कवर कितीतरी जास्त काळाचे उपयोगी चित्रण राहते.

आपल्या अंगणातली परीक्षा

आता मुख्य काम. बहुतेक सॉफ्टवेअर एकतर विनामूल्य असतात किंवा काही दिवस वापरून पाहता येतात. पैसे भरण्याआधी किमान दोन आठवडे परीक्षा घ्यावी आणि शक्य असेल तर त्यात पावसाची एक रात्र यावी. मी स्वतः मुद्दाम काही प्रसंग रेकॉर्ड करून घेतले आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला तेच दाखवले, जेणेकरून तुलना न्याय्य व्हावी. छत्री घेतलेला माणूस, रेनकोट घातलेला माणूस, इरले पांघरून वाकून काम करणारी बाई, डोक्यावर गवताचा भारा घेतलेला गडी, हेल्मेट घालून दुचाकीवरून उतरणारा, अंधारात बॅटरी कॅमेऱ्याकडे धरून येणारा, उकिडवे बसून अंगण झाडणारी व्यक्ती आणि कुंपणाशी रांगत येणारा माझा भाचा, असे ते प्रसंग होते. इरल्याखालचा वाकलेला माणूस मी पाहिलेल्या बहुतेक मॉडेलना ओळखता आला नाही, कारण त्यांनी असे दृश्य शिकताना पाहिलेलेच नसावे. भाऱ्याखाली चेहरा व खांदे झाकले गेले की एकदा माणूस ओळखला जाई, एकदा नाही. कागदावरच्या अचूकतेच्या आकड्यात हा फरक कोठेही दिसत नाही.

वहीत तीन रकाने करावेत: बरोबर इशारा, खोटा इशारा आणि हुकलेला प्रसंग. शेवटचे दोन एकत्र मोजू नयेत, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. खात्रीची किमान मर्यादा वर नेली की खोटे इशारे घटतात, पण हुकलेले प्रसंग वाढतात. फ्रिगेटमध्ये दोन मर्यादा असतात: ०.५ पेक्षा कमी खात्रीच्या चौकटी ते सोडूनच देते आणि एखादी वस्तू खरी मानण्यासाठी लागोपाठच्या अनेक चित्रांतील गुणांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ०.७ च्या वर जावा लागतो. एखाद्याच चित्रात झावळी माणसासारखी दिसली तर त्यामुळे फोन वाजत नाही. तुम्ही पाहत असलेले सॉफ्टवेअर एका चित्रावर निर्णय घेते की अनेक चित्रांवर, हे जरूर विचारावे; पावसाळी भागात हा फरक फार मोठा आहे.

खोटे इशारे कोठून येतात ते वहीवरून दिसू लागते आणि त्यांपैकी पुष्कळ मॉडेल न बदलता थांबवता येतात. आमच्याकडे फाटकासमोर निवडणुकीच्या काळात लागलेल्या फलकावरच्या उमेदवाराला सॉफ्टवेअर रात्रभर माणूस समजत होते, परड्यातले बुजगावणेही त्याला माणूसच वाटे. अशा जागा झाकण्यासाठी चित्रावर आखून वगळण्याची सोय लागते, आणि ती ‘येथील हालचाल दुर्लक्षित करा’ व ‘येथे अमुक वस्तू मानू नका’ अशा दोन स्वतंत्र प्रकारांत असावी. क्षेत्र आखताना आणखी एक बारकावा आहे. फ्रिगेट वस्तू कोणत्या क्षेत्रात आहे हे चौकटीच्या खालच्या कडेच्या मध्यबिंदूवरून ठरवते, म्हणजे माणसाचे पाय जेथे टेकतात तेथून. म्हणून क्षेत्र जमिनीवर आखावे, भिंतीवर किंवा हवेत नव्हे. रस्त्यावरून जाणाऱ्या उंच माणसाचे डोके तुमच्या अंगणावर आलेले दिसले तरी पाय रस्त्यावरच असतात आणि इशारा येत नाही. हे एक समजल्यावर आमचे अर्धेअधिक खोटे इशारे थांबले.

रात्रीच्या किड्यांवर आणि कोळ्यांवर मात्र सॉफ्टवेअरचा उपाय अपुरा पडतो. कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिव्यांकडे कीटक ओढले जातात, कोळी काचेसमोर जाळे विणतो आणि प्रकाशात चमकणारे ते जाळे सगळे दृश्य धूसर करते. कॅमेऱ्यातले दिवे बंद करून तीन-चार फुटांवर वेगळा इन्फ्रारेड दिवा लावणे आणि महिन्यातून एकदा काच पुसणे, याने मॉडेल बदलण्याहून अधिक फरक पडला.

कॅमेऱ्याकडून अपेक्षा किती ठेवायची, याचेही एक माप आहे. ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५ सालच्या आवृत्तीनुसार कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी दृश्याच्या दर मीटरला २५ ठिपके, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी २५० ठिपके लागतात. १,९२० ठिपके रुंद चित्राने ओळख पटवायची असेल तर दृश्याची रुंदी जेमतेम साडेसात मीटर असू शकते. सबंध अंगण दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून चोराचा चेहरा मिळण्याची अपेक्षा कोणतेही सॉफ्टवेअर पुरी करणार नाही. त्यासाठी फाटकावर अरुंद दृश्याचा वेगळा कॅमेराच हवा.

शेजारी, कायदा आणि कुलूप

चेहरे ओळखण्याची सोय आता फ्रिगेटच्या नव्या आवृत्त्यांतही आहे. ती चालू करण्यापूर्वी घरी कामाला येणाऱ्यांना, पोस्टमनला, शेजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार करावा आणि किमान घरी नेहमी येणाऱ्यांना तसे सांगावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीने केवळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, पण गृहनिर्माण संस्थेने ही सवलत आपल्यालाही आहे असे गृहीत धरू नये. कायदा काहीही म्हणो, शेजाऱ्यांची खिडकी, विहीर किंवा न्हाणी दृश्यात येत असेल तर कॅमेरा वळवावा आणि वळवता येत नसेल तर तो भाग रेकॉर्डिंगमध्येच काळा करण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर घ्यावे.

सुरक्षेसाठी लावलेला कॅमेराच घरात शिरण्याची वाट होऊ नये. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने घडवलेल्या प्रकरणात, कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर हल्लेखोरांच्या हाती गेले होते. भारतात एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक आवश्यक निकषांची चाचणी सक्तीची झाली आहे; नवा कॅमेरा घेताना त्याची विचारणा करावी. सॉफ्टवेअर बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये दार उघडे ठेवायला सांगत असेल तर ते टाळावे. त्याऐवजी वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखे खासगी जोडणीचे साधन वापरावे. टेलस्केल आपल्याकडच्या ज्या इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यांवरही चालते. चित्रण सर्वसाधारण एमपी-४ स्वरूपात बाहेर काढता येते का, हेही पाहून ठेवावे. पोलिसांना तुकडा द्यायची वेळ आली आणि तो केवळ त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच उघडत असला, तर नको तेव्हा धावपळ होते.

एवढे सगळे जमले तरी एक परीक्षा शेवटी राहते आणि ती गावी असतानाच घ्यावी. आधी इंटरनेटची तार काढून घ्यावी, अंगणातून चालत जावे आणि रेकॉर्डिंग व ओळख दोन्ही झाली का ते पाहावे. मग मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरही उतरू द्यावा, अर्ध्या तासाने वीज परत आणावी आणि कशालाही हात न लावता थांबावे. संगणक आपोआप सुरू होतो का, सॉफ्टवेअर चारही कॅमेऱ्यांना पुन्हा जोडून घेते का, रेकॉर्डिंगवरची तारीख-वेळ बरोबर आहे का आणि पहिला इशारा फोनवर किती मिनिटांत येतो, हे लिहून ठेवावे. माझ्या पहिल्या उभारणीत संगणक सुरूच झाला नव्हता, कारण वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, बंद होती, आणि ते मला पुण्याला परतल्यावर कळले. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना फोनवरून कोणते बटण दाबायचे हे समजावून सांगण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली होती.